देवघरातला कापूर

॥ श्री ॥

परतूर
गुरुवार, ८ ऑगस्ट २०२४

चि. आकांक्षास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. आत निघालं ते असं: कानाच्या यंत्राचे सेल एक पाकीट, गुडघ्याचा पट्टा एक, बिस्किटांचे पुडे दोन. एका पुड्याचा भुगा झाला होता, तो दुधात घालून संपवला. पट्ट्यावर चारशे वीस छापलेत आणि पाकिटावर टपालाचे पंच्याण्णव. इतका खर्चा करू नको. असा पट्टा इथं स्टेशन रोडला दीडशेत मिळतो.

सेल घालून पाहिले. यंत्र शिट्टी मारतं ते मारतंच. फोनवर तुझा आवाज म्हणजे पत्र्यावर चिमणी नाचावी तसा. कल्याण म्हणतो, "आई, मी बोलतो अन् तुला सांगतो," पण तुझं दोन मिनिटांचं बोलणं तो दोन शब्दांत सांगतो. तुझ्या आईच्या जागी असून पोराच्या तोंडून तुझी खुशाली उधार घ्यायची ते मला बराबर वाटत नाही. म्हणून पत्रच लिहीत जा.

तू कापूर मागितलास. तुमच्या लॅबचा संपला, नवीन मागवायचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून आहे, तोवर आपल्या देवघरातला पाठव, तो भेसळीचा नसतो, असं लिहिलंस. त्याप्रमाणे देवघरातल्या पितळी डब्यातलाच पाव किलो काढून, देवापुढे ठेवून, दोन पिशव्यांत बांधून सोबत पाठवते आहे. पोस्टातला नागसेन विचारत होता, "मावशी, काय आहे यात?" मी म्हटलं, प्रसाद आहे.

एक विचारते, रागावू नको. हा कापूर तू यंत्रात जाळणार म्हणतेस. समोर देव नाही, आरती नाही. मग जाळून मिळवायचं काय?

शहागडच्या पाहुण्यांचा पुन्हा निरोप होता. मुलगा चांगला आहे, घरचे दोन ट्रक आहेत. तू नाही म्हणून मोकळी झालीस, तोंड मला द्यावं लागतं. श्रावण चालू आहे, निदान सोमवार धर.

तुझी मावशी,
द्वारका

•

हैदराबाद
१९ ऑगस्ट २०२४

ती. सौ. मावशीस सा. न.

कापूर मिळाला. पिशवी उघडली आणि हसू नकोस, पण आपल्या स्वयंपाकघराचा वास आला. कापराचा तर होताच, त्याच्या मागून अगदी बारीक, तू वरणाला फोडणी देतेस तेव्हा ओसरीपर्यंत येतो तो. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, मला काहीच येत नाही. तिला कुठून येणार! मी पिशवी बराच वेळ नाकाशी धरून बसले होते.

तू विचारलंस, जाळून काय मिळवायचं. खरं म्हणजे आम्ही कापूर जाळत नाही. काचेसारखी एक लांब नळी असते, ती भट्टीत आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवायची. तिच्यात हवा राहू द्यायची नाही. मग एका बाजूनं कापराची वाफ सोडायची आणि लोखंडाचे इतके बारीक कण, की डोळ्याला दिसणारच नाहीत. कापूर तुटतो, त्यातला कार्बन त्या लोखंडाच्या कणाला चिकटतो आणि कणातून नळी उगवते, मातीतून गवताची काडी यावी तशी. तिला नॅनोट्यूब म्हणतात. केसाचे उभे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक जेवढा, तेवढी ती बारीक, आणि पोलादापेक्षा चिवट.

पण ती नेमकी कशी उगवते हे कुणाला नीट ठाऊक नाही. कधी सुंदर नळ्या येतात, कधी नुसती काजळी. भट्टीत हात घालता येत नाही, डोळा लावता येत नाही. म्हणून मी लेझरचा किरण खिडकीतून आत सोडते. तो आतल्या वाफेवर आणि कार्बनवर आपटतो आणि परत येणाऱ्या उजेडातला थोडासा रंग बदलून येतो. किती बदलला यावरून आत कोण कोण आहे ते समजतं. त्याचा आलेख निघतो, डोंगरांच्या रांगेसारखा, आणि प्रत्येक पदार्थाचं शिखर ठरलेल्या जागी. तू नाही का, दारात उभी राहून नुसत्या वासावरून सांगतेस गोजरमावशीकडे आज काय शिजतंय ते. माझं काम तेच. फक्त मी वासाऐवजी उजेड घेते.

आता खरी बातमी. तुझ्या कापरानं कमाल केली! आधी दहा वेळा भट्टी लावली की दोनदा नळ्या यायच्या. या कापरानं सहाच्या सहा वेळा आल्या, लांब आणि स्वच्छ. सर, म्हणजे माझे गाईड, स्वतः येऊन आलेख बघत उभे राहिले. म्हणाले, हे छापायचं.

शहागडचं नंतर बोलू.

तुझी,
आकू

•

॥ श्री ॥

परतूर
मंगळवार, ३ सप्टेंबर २०२४

चि. आकांक्षास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. नळीचं निम्मं समजलं, तुझा आनंद सगळा समजला.

भजनाला बायकांना सांगितलं, आपल्या देवघरातल्या कापरानं हैदराबादच्या मोठ्या लॅबमध्ये काम केलं. गोजरबाई म्हणाली, "आगं, कापूर जाळायचा पगार देतेत व्हय तिकडं? मंग आम्ही काय फुकटच जाळून राह्यलो इतके वर्षं?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, हसा. देवापुढचा कापूर होता, त्याला यश येणारच.

वासाचं मनावर घेऊ नको. पिशवी स्वयंपाकघरात बसून बांधली, तेवढाच वास लागला असेल. वासाबिसाचं तिथं कुणाला सांगत बसू नको, लोक हसतात.

शनिवारी गणपती बसतील. तुझ्या आईच्या फोटोला हार घातला. ती गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. आज असती तर धावडा गावातल्या सगळ्या घरांतून पेढे वाटत फिरली असती.

तुझी मावशी,
द्वारका

•

हैदराबाद
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. मावशीस सा. न.

दिवाळीनंतर माझं एकही पत्र नाही म्हणून तू कल्याणदादाकडून दोनदा विचारलंस. मी त्याला "कामात आहे" म्हणाले. ते खोटं होतं. कामच उरलेलं नाही.

तुझा कापूर नोव्हेंबरात संपला. तोवर आमचा लेख छापून आला होता. मग लॅबचा नवीन कापूर आला. कंपनीचा, सीलबंद, बाटलीवर शुद्धतेचा आकडा. भट्टी लावली, काजळी आली. पुन्हा लावली, काजळी. नळी बदलली, लोखंड बदललं, खिडक्या पुसल्या. चाळीस वेळा केलं, मावशी. चाळीस वेळा काजळी आणि डांबर.

मग दुसऱ्या एका संस्थेतून पत्र आलं, की तुम्ही लिहिलंय तसंच सगळं केलं, आमच्याकडे काहीच येत नाही. सरांनी मला खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. नुसतं विचारलं, "आकांक्षा, हे आलेख भट्टीतूनच निघाले ना?" म्हणजे मी ते संगणकावर बसून रचले का, असं त्यांना विचारायचं होतं.

दहा फेब्रुवारीला सगळ्यांच्या समोर मला भट्टी चालवून दाखवायची आहे. नळ्या आल्या तर सुटले. म्हणून मागते, त्याच डब्यातला, अगदी तोच कापूर पाठव. दुकानातून नवीन आणू नकोस. तोच पाहिजे.

तुझी,
आकू

•

॥ श्री ॥

परतूर
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. आकांक्षास अनेक आशीर्वाद.

पत्र संक्रांतीनंतर मिळालं. तिळगूळ वळून ठेवले होते, तुझ्या नावाचा डबा तसाच ठेवला.

कापूर पाठवला आहे. देवघरातल्या पितळी डब्यातला, सगळ्यात वरचा, पांढरा शुभ्र. जुगलकिशोर शेठच्या दुकानातून मी गेल्या वर्षी उंची घेतला होता तोच. काढताना आंघोळ करून, ओल्या केसांनी काढला. देवाला सांगितलं, पोरीचं काही चुकलं असेल तर माझ्या पदरात घाल. सोळा सोमवार बोलले आहेत. पहिला परवापासून.

मला वाटतं, कुठंतरी देवाची अवकृपा झाली. कापूर देवाचा आणि तू त्याचं नाव न घेता वापरलास. या वेळी भट्टी लावताना एकदा हात जोड. कुणाला दिसेल असे नको जोडू, मनातल्या मनात चालेल.

डबा बिलकुल तोच आहे. शंका घेऊ नको.

तुझी मावशी,
द्वारका

•

हैदराबाद
११ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मावशीस,

काल झालं.

हात जोडले होते. सर, दुसऱ्या विभागाचे दोघं, शिवाय बाहेरच्या एक मॅडम, सगळे पडद्याकडे बघत उभे होते. पाऊण तास गेला. नळ्यांचं शिखर आलंच नाही. काजळीचं आलं, रुंद, लोळत पडलेल्या म्हशीसारखं. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

पण त्याहून वाईट पुढे आहे. त्या मॅडमनी माझे ऑगस्टचे जुने आलेख मागवले आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. सहाशे अठ्ठावन्नच्या जागी एक बारीक शिखर आहे. मी ते कधी मोजलंच नव्हतं, खिडकीवरचा डाग असेल म्हणून सोडून दिलं होतं. ते गंधकाचं आहे. कार्बनशी जोडलेला गंधक. तुझा पहिला कापूर होता त्या प्रत्येक दिवशी ते शिखर आहे, आणि कंपनीच्या कापराच्या एकाही दिवशी नाही. कालही नव्हतं.

जरासा गंधक असला की लोखंडाच्या कणावर नळी जोमानं उगवते, हे या कामातल्या लोकांना माहीत आहे. म्हणून आता ते म्हणतात, आलेख खरे आहेत, पण हिनं गुपचूप गंधकाचं रसायन मिसळलं आणि लेखात लपवलं. आधी खोटी ठरत होते, आता लबाड ठरते आहे.

आणि माझी बाजू लंगडी आहे, मावशी. तुला आजवर सांगितलं नाही ते सांगते. लॅबच्या वहीत प्रत्येक पदार्थ कुठून आला ते लिहावं लागतं. तुझा कापूर आला त्या दिवशी मी तिथं "कंपनीचा, जुना साठा" असं लिहिलं. "मावशीच्या देवघरातून" लिहायची मला लाज वाटली. सगळे हसतील असं वाटलं. आता मी खरं सांगितलं तरी वही खोटं बोलते.

पाच मार्चला समिती बसणार आहे. मला एवढंच सांग: त्या पहिल्या कापराजवळ कधी काही होतं का? फटाके, काडेपेट्या, शेतातलं औषध, काहीही? तो कुठं ठेवला होता? दोन्ही कापूर एकाच डब्यातले असतील, तर एकात गंधक आणि एकात नाही, असं कसं होईल?

आकू

•

परतूर
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास आशीर्वाद.

देवघरात फटाके आणि औषधं कोण ठेवतं? तू या घरात वाढलीस, तुला माहीत नाही का? डबा देवाचा आहे, रोज पुसलेला असतो. पन्नास वर्षं देवाची सेवा करून आता पोरीनं मला विचारावं, मावशी, तू कापरात काय मिसळलंस?

माझ्याकडून काही झालेलं नाही. तुमच्या यंत्रातच बघा.

द्वारका

•

हैदराबाद
२१ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मावशीस सा. न.

तुला दुखवायचं नव्हतं. चुकलं.

मी ठरवलंय. समितीला लिहून देते, की गंधक कुठून आला ते मला सांगता येत नाही. मग ते लेख मागे घेतील, माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द होईल. पाच वर्षं झाली, आता भांडायची ताकद नाही. दहा मार्चपर्यंत खोली सोडेन. सामान फार नाही.

शहागडच्या लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. मी नाही म्हणणार नाही.

आकू

•

॥ श्री ॥

परतूर
गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५

चि. आकू,

हे पत्र कल्याणच्या हाती देते आहे. तो उद्याच्या गाडीनं निघतो. सोबत जे पाठवलं ते आधी लिहिते, म्हणजे तू मोजून घेशील: पत्र्याचा डबा एक, झाकणाला पोचा आलेला, दोरीनं बांधलेला. लहान पुडी एक, जुन्या साडीच्या तुकड्यात. माझा सहीचा कागद एक, घडी न मोडता ठेवलेला. कल्याणचं तिकीट मी काढलं, ते पैसे तू त्याला देऊ नको.

आता सांगते. माझ्या हातानं लिहिते आहे, दुसऱ्याकडून लिहून घेतलं नाही.

तुझा पहिला कापूर देवघरातला नव्हता.

जुगलकिशोर शेठकडे दिवाळीच्या सुमारास फुटका कापूर येतो. वड्या मोडलेल्या, चुरा झालेला. तो निम्म्या भावात विकतो. मी दरवर्षी घेते, साड्यांच्या ट्रंकेत घालायला. तो देवाच्या डब्यात टाकत नाही, देवाला फुटकं चालत नाही. रिकामा डबा दुसरा नव्हता, होता तो खड्या हिंगाचा. हिंग संपला होता, डबा पुसून घेतला आणि त्यात कापूर भरून ठेवला. धुतला नाही, पत्रा गंजेल म्हणून. दिवाळीपासून श्रावणापर्यंत तो कापूर त्या हिंगाच्या डब्यात होता. तोच तुला पाठवला.

का पाठवला तेही सांगते. तू देवघरातला मागितलास तेव्हा मला राग आला होता. शहागडला तू नाही म्हणालीस त्याचा होता, आणि देवाचा कापूर तू यंत्रात घालणार त्याचाही. मनात म्हटलं, यंत्राला काय कळतं, फुटका काय आणि चांगला काय. पैसेही वाचले. आणि पत्रात लिहिलं देवघरातला. तुझं वासाचं पत्र तीनदा वाचलं ते भीतीनं. आता कळणार असं वाटलं. तुला ती घरची आठवण वाटली म्हणून मी सुटले, आणि पिशवी स्वयंपाकघरात बांधली असं वर दुसरं खोटं लिहिलं.

जानेवारीत तू अडचण लिहिलीस तेव्हा मला वाटलं, हे माझ्याच खोट्याचं फळ. म्हणून या वेळी खरंच देवाच्या डब्यातला दिला. खरं दिलं आणि तू बुडालीस.

हिंगात गंधक असतं हे मला ठाऊक नव्हतं. पण डबा देवाचा नव्हता हे ठाऊक होतं. तू सरळ विचारलंस आणि मी तुलाच रागावले. ते पत्र फाडून टाक.

कसं उघडं पडलं ते ऐक. तुझं शेवटचं पत्र मंगळवारी आलं. तुझे काका जेवायला बसले होते. मी पत्र वाचून पदराखाली ठेवलं आणि वरण वाढलं. ह्यांनी एक भुरका घेतला आणि रोजच्यासारखं म्हणाले, "वरणाला कापराचा वास येतो." हे श्रावणापासून चालू आहे. तुझा कापूर काढल्यावर त्याच डब्यात मी परत हिंग भरला होता. दर वेळी मी म्हणायचे, तुमच्या नाकातच कापूर आहे, गपचूप जेवा. त्या दिवशी पळी हातात तशीच राहिली. कापराचा वास हिंगाला लागला, तर हिंगाचा कापराला लागला नसेल का?

पान तसंच सोडून मागच्या गल्लीतल्या तृप्तीकडे गेले. ती शाळेत विज्ञान शिकवते. मी विचारलं, हिंगात काय असतं? ती मोठ्यानं, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, हिंगाचा तो उग्र वास असतो ना, तो गंधकाचाच. कांद्या-लसणातही तेच." मी तिच्या पायरीवरच बसून तिला सगळं सांगितलं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "म्हंजी मी सात महिने कापराचं वरण खाल्लं ते खरंच होतं की! अन् मलाच वेड्यात काढून राह्यलीस?" नंतर म्हणाले, "पोरीला जल्दी कळव."

मी काय केलं ते आता. ट्रंक उपसली. हिंगाच्या डब्यातल्या त्या फुटक्या कापराची मूठभर पुडी तुझ्या आईच्या शालूच्या घडीत राहिली होती, बरंचसं उडून गेलेलं, पण आहे. तीच लहान पुडी. तुझ्या लेझरला ती दाखव. जे शिखर ऑगस्टात होतं ते तिच्यात असलं, तर तू काही मिसळलं नाहीस हे सगळ्यांना दिसेल.

तृप्ती म्हणाली, एका मुठीवर समिती मानणार नाही, त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवता आलं पाहिजे. म्हणून काल, ऐन महाशिवरात्रीला, देवघरातला पितळी डबा खाली घेतला. देवाला सांगितलं, आजवर तुला चांगलं आणि पोरीला फुटकं दिलं, आज उलटं करते. सगळा कापूर त्या हिंगाच्या डब्यात ओतला, वर नवीन हिंगाचे दोन खडे टाकले आणि झाकण बांधलं. नऊ महिने नाहीत माझ्याकडे, पाच तारखेपर्यंतचेच दिवस आहेत. तेवढ्यात जो वास लागेल तो लागेल. काल आरतीला कापूर नव्हता, नुसतं निरांजन ओवाळलं. गोजरबाई विचारत होती, "द्वारके, आज कापूर न्हाई?" मी भजनाच्या बायकांसमोर सगळं सांगितलं. देवघरातला म्हणून मिरवलं होतं त्यांच्याचसमोर, म्हणून तिथंच सांगायचं होतं. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डबा टपालानं पाठवायला सकाळी पोस्टात गेले. नागसेननं विचारलं, यात काय? या वेळी खरं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, कापूर टपालानं जात न्हाई, पेट घेतो. आधी दोनदा काय पाठवलं तुम्ही?" मी डबा परत उचलला. म्हणून कल्याण.

सहीच्या कागदावर मी हेच लिहिलं आहे, तारखेसकट, की कापूर फुटका होता, हिंगाच्या डब्यातला होता आणि मी आकांक्षाला खोटं सांगितलं. खाली तृप्तीची साक्षीला सही आहे. तुमच्या साहेबांना दाखव. त्यांनी मला बोलवलं तर येईन, मोठ्यानं बोलायला सांग.

पण एक काम तुलाही करायचं आहे. तुझ्या वहीत "कंपनीचा" लिहिलं आहेस, ते तुझ्या हातानं दुरुस्त कर. खोडू नको, खाली लिही: मावशीनं पाठवला, हिंगाच्या डब्यातला. लाज वाटली तरी लिही. मलाही वाटली. आपण दोघी एकाच पिशवीबद्दल खोटं बोललो, तू तुमच्या माणसांना आणि मी तुला. एकीचंच खरं झालं तर समिती मानणार नाही, आणि मीही नाही.

आणि "भांडायची ताकद नाही" असलं पुन्हा लिहू नको. खोली सोडू नको. शहागडच्या लोकांना मी काल नाही म्हणून कळवलं. मुलगी शिकते आहे असं सांगितलं. ते चिडले. चिडू देत.

सोमवार मोडले नाहीत. पण देवाकडे आता तुझ्या नळ्या मागत नाही. एवढंच मागते, की त्या उजेडात जे असेल ते दिसू दे.

पाच तारखेला काय झालं ते कल्याण येऊन तोंडानं सांगेल, पण ते माझ्या कानात शिरणार नाही, आणि मला बरं वाटावं म्हणून तो गोडही करून सांगेल. तू स्वतः लिही. शिखर आलं तर आलं, नाही तर नाही, आहे तसं लिही. पाकिटात माझा पत्ता लिहिलेलं दुसरं पाकीट घातलं आहे, तिकीट चिकटवून. समिती उठली की त्याच दिवशी पेटीत टाक आणि उलट टपाली कळव. मी नागसेनला सांगून ठेवलं आहे, पत्र घरी आणायच्या आधी तोच हाक मारील. मोठ्यानं.

तुझी मावशी,
द्वारका